कोलन न दाबता हजेरीच्या वेळा कशा भरायच्या?

प्रश्न असा आलाय. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या ताई विचारतात: "गेटवरच्या रजिस्टरमधून ६४ कामगारांच्या आत-बाहेरच्या वेळा मला रोज एक्सेलमध्ये चढवाव्या लागतात. ८:३० मधला तो कोलन टाकताना प्रत्येक वेळी हात अडतो. कोलनशिवाय वेळ भरता येते का? मॅक्रो शिकावा लागेल का? हेड ऑफिसला मात्र ८:३० असंच दिसायला हवं."

ताई, आधी हात किती अडतो ते मोजू. ६४ माणसं, प्रत्येकी दोन वेळा, म्हणजे दिवसाला १२८ नोंदी. २६ दिवस धरले तर महिन्याला ३,३२८ कोलन. आणि कोलन एका बोटाचं काम नाही. शिफ्ट दाबून धरायची, मग अर्धविरामाची कळ. आकडे तुम्ही उजवीकडच्या नमपॅडवर मारत असाल, तर प्रत्येक कोलनला हात पॅड सोडून मधे येतो, नजर रजिस्टरवरून उठते आणि परत जाईपर्यंत ओळ निसटते. खरा वेळ त्या ओळ शोधण्यात जातो. त्यातून नावं मराठीत लिहून कीबोर्ड मराठीवरच राहिला असेल, तर इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर च आणि छ बसलेत. एका पोराच्या मस्टरमध्ये मी अख्खी ओळभर ८छ३०, ८छ४५ पाहिलंय. दुपारपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी आधी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होतो, आता रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या काही युनिटांचे पगार करतो. थोडक्यात माझं उत्तर असं: सरळ ८३० टाइप करा, १७१५ टाइप करा, कोलन विसरा. मॅक्रोही, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, नको. फक्त भरायचे रकाने वेगळे आणि मोजायचे वेगळे ठेवा. आणि मोजायचं ते वेळेत नाही, मिनिटांत. हे शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

(सूत्रं इथे मी देवनागरीत लिहितोय. शीटमध्ये तीच नावं आणि तेच आकडे नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाकायचे.)

एक्सेलला घड्याळ कळत नाही. त्याला फक्त संख्या कळते. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस, म्हणजे १. तिथून पुढे प्रत्येक दिवसाला एक एक वाढत जातो. वेळ म्हणजे त्या एका दिवसाचा तुकडा: सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा ०.५, संध्याकाळचे सहा ०.७५. दिवसात १,४४० मिनिटं, म्हणून एक मिनिट म्हणजे १ भागिले १,४४०. तुम्ही ८:३० टाइप करता तेव्हा सेलच्या पोटात ०.३५४१६६… असा न संपणारा अपूर्णांक जातो, वर फक्त घड्याळाचा मुखवटा चढतो. आणि ८३० टाइप केलं की एक्सेलच्या लेखी ते आठशे तीस दिवस होतात. तो सेल वेळेच्या फॉरमॅटमध्ये असेल तर ००:०० दिसतं, कारण पूर्ण दिवसांना तुकडा नसतो. कोलन न टाकता भरून पाहिलेल्या प्रत्येकानं हे ००:०० एकदा तरी पाहिलेलं असतं.

यावर नेटवर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय म्हणजे कस्टम फॉरमॅट. सेल निवडायचे, फॉरमॅट सेल्समध्ये कस्टममध्ये जाऊन ००\:०० लिहायचं. ८३० टाइप केलं की ०८:३० दिसतं. छान दिसतं, खोटं नाही बोलत. नुसती छापायची यादी असेल, वेळापत्रक असेल, तर एवढंच करा आणि पुढचं वाचूही नका. पण हजेरीत वजाबाकी असते. सेलच्या पोटात अजून आठशे तीसच आहे, वेळ नाही. १७१५ मधून ८३० वजा केले की ८८५ येतात आणि तोच मुखवटा त्याला ०८:८५ असं दाखवतो. खरे तास ८:४५. कारण हातचा घेताना एक्सेल शंभराचा घेतो, आपल्याला साठाचा हवा असतो.

बरं, रोज चूक आली असती तर लगेच सापडली असती. पण माणूस १७४५ ला बाहेर पडला तर १७४५ वजा ८३० म्हणजे ९१५, ०९:१५, अगदी बरोबर! हातचा घ्यावा लागतो तिथेच गडबड होते. पहिल्या दहा ओळी तपासल्या, बरोबर आल्या, म्हणून माणूस पुढे जातो. आणि ०८:८५ डोळ्यांना खटकतं तरी, पण ०८:५५ असं आलेलं उत्तर १७१० आणि ८५५ चं आहे, खरे तास ८:१५ आहेत, हे कुणाच्या नजरेला खटकणार?

म्हणून ते मुखवट्याचे रकाने नुसते भरायला ठेवा आणि शेजारी सूत्र लिहा. समजा ए मध्ये नाव, बी मध्ये आत यायची वेळ, सी मध्ये बाहेर जायची. डी मध्ये आतची मिनिटं:

=इंट(बी२/१००)*६०+मॉड(बी२,१००)

इंट म्हणजे भागाकारातला पूर्णांक, मॉड म्हणजे बाकी. ८३० ला शंभरनं भागलं की पूर्णांक ८, त्याचे ४८० मिनिटं, बाकी उरली ३०, एकूण ५१०. हेच ई मध्ये सी२ साठी. १७१५ चे १,०३५ होतात. वजाबाकी ५२५ मिनिटं. आठ तास पंचेचाळीस. संपलं. शाळेत पाटीवर करायचो तेच.

"मग सरळ वेळच का नाही करून घ्यायची?" असं कुणीही विचारेल, कारण त्याचंही सूत्र आहे आणि ते जास्त प्रसिद्ध आहे:

=टाइम(इंट(बी२/१००),मॉड(बी२,१००),०)

किंवा त्याहून आखूड, =टेक्स्ट(बी२,"००\:००")+०. दोन्ही चालतात. हेड ऑफिसला ८:३० दाखवायचा जो रकाना आहे तिथे मी टाइमचंच सूत्र वापरतो. पण पगार त्यावर काढत नाही, आणि त्याची कारणं आहेत. एक तर तो न संपणारा अपूर्णांक. दोन वेळांची वजाबाकी बरोबर आठ तास दिसते आणि तुम्ही 'आठ तास किंवा जास्त' अशी अट लावलेली असते, तर पंधराव्या घरातल्या कणभर फरकानं एक्सेल कधीतरी 'नाही' म्हणतो. मिनिटं पूर्ण संख्या असतात, तिथे असलं काही होत नाही. दुसरं, उणे वेळ. नेहमीच्या १९०० च्या पद्धतीत एक्सेल उणे वेळ दाखवूच शकत नाही, सेलभर हॅश हॅश हॅश उमटतात. उणे मिनिटं मात्र तो मुकाट्यानं दाखवतो. वीस मिनिटं उशीर किंवा कमी काम हे उणे २० म्हणून दिसलेलं मला जास्त सोयीचं पडतं. आणि तिसरं म्हणजे ओव्हरटाइम. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ओटीला दुप्पट दर घालून दिला, तेव्हापासून हजेरीतली चूक दुप्पट होऊनच पगारात उतरते. ओटीची मिनिटं भागिले ६०, गुणिले तासाचा दर, गुणिले २. वेळेच्या रकान्यातून हेच काढताना २४ नं गुणायचं विसरलं की ओटीचे दोन रुपये निघतात. हसू येतं, पण नवीन माणूस अर्धा दिवस त्यातच अडकतो.

रिकाम्या सेलची काळजी घ्या. माणूस आलाच नाही तर बी आणि सी दोन्ही कोरे, सूत्र शून्य दाखवेल. मी डी, ई चे मधले रकानेही ठेवत नाही, सगळं एका सूत्रात घेतो:

=इफ(काउंट(बी२:सी२)<२,"",मॉड((इंट(सी२/१००)*६०+मॉड(सी२,१००))-(इंट(बी२/१००)*६०+मॉड(बी२,१००)),१४४०))

लांब दिसतंय, पण एकदा लिहून खाली ओढायचं आहे. काउंट मुद्दाम घेतलाय. रात्री बाराला बाहेर पडणाऱ्याची वेळ ०००० म्हणजे शून्य असते, आणि शून्य म्हणजे कोरा सेल नव्हे. बी२="" किंवा बी२=० असल्या अटी इथे एकमेकींत गोंधळ घालतात. काउंट सेलमध्ये संख्या आहे का एवढंच बघतो. शिवाय दोनपैकी एकच वेळ भरली असेल, म्हणजे माणूस सही न करता पळाला असेल, तरी उत्तर कोरं राहतं आणि नजरेत भरतं.

शेवटचा १४४० चा मॉड रात्रपाळीसाठी. २२०० ला आत, ६०० ला बाहेर. मिनिटांची वजाबाकी उणे ९६०, मॉड त्यात एक दिवस मिळवून ४८० देतो. आठ तास. दिवसपाळीला त्याचा काही त्रास नाही. फक्त एक धोका: आत-बाहेर उलटसुलट भरलं गेलं, १७१५ आधी आणि ८३० नंतर, तर मॉड तक्रार न करता ९१५ मिनिटं म्हणजे सव्वापंधरा तास काढून देतो. म्हणून त्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा: ७८० मिनिटांच्या वर, म्हणजे तेरा तासांच्या वर, लाल. सलग दोन पाळ्या केलेला माणूसही लाल होईल, होऊ दे. त्याचं कार्ड तसंही हातानं बघायलाच हवं.

आता रजिस्टरचा खरा प्रश्न. गेटवरचा वॉचमन चोवीस तासांच्या घड्याळात लिहीत नाही. तो ५.१५ लिहितो. त्याच्या डोक्यात पाचच असतात, सतरा नाहीत, आणि तुम्ही त्याला कितीही शिकवलं तरी पुढच्या महिन्यात वॉचमनच बदललेला असतो. प्रत्येक वेळी मनात बारा मिळवून टाइप करणं म्हणजे कोलनपेक्षा मोठं डोकेदुखीचं काम. त्यावर माझा जुगाड असा: १४४० च्या जागी ७२० टाका. बारा तासांचा मॉड. ८३० आणि ५१५ भरलं, वजाबाकी उणे १९५, त्यात ७२० मिळवून ५२५. तेच आठ तास पंचेचाळीस. रात्रपाळीचे १० ते ६, म्हणजे १००० आणि ६००, त्याचेही ४८० येतात. सकाळ की संध्याकाळ, त्याला काही घेणं-देणं नाही. कुणी चुकून १७१५ भरलं तरी उत्तर तेच.

हा जुगाड एका ठिकाणी तोंडघशी पाडतो. सिक्युरिटीवाल्यांची ड्यूटी आठ ते आठ असते. ८०० आणि ८००, वजाबाकी शून्य, पगार शून्य. बारा तास किंवा त्याहून जास्त थांबणारी माणसं असतील त्या यादीला ७२० लावायचं नाही. मी गार्डांची शीटच वेगळी ठेवतो, तिथे वेळा चोवीस तासांत आणि मॉड १४४० चा. २००० ला आत, ८०० ला बाहेर, ७२० मिनिटं. कामगारांमध्येही कुणाची बारा तासांच्या वर ड्यूटी होत असेल तर त्याच्यापुरतं तेच.

आता एका जुन्या चुकीबद्दल, कारण ती मी स्वतः केलेली आहे आणि अजूनही लोक रोज करतात. नमपॅडवर टिंब असतं. म्हणून माणसाला साहजिक वाटतं, ८.३० टाइप करू, शेवटी फाइंड-रिप्लेस करून टिंबाच्या जागी कोलन घालू. वागळे इस्टेटच्या नोकरीत असताना मी पूर्ण महिना असा भरला. रकान्याला दोन दशांश स्थळं दिली होती, पडद्यावर ८.३० अगदी ८.३० च दिसत होतं. शेवटच्या दिवशी रिप्लेस ऑल मारलं आणि खूश झालो.

एक्सेलसाठी ८.३० म्हणजे ८.३. शेवटच्या शून्याला दशांशात किंमत नसते. रिप्लेसनं त्याचं ८:३ केलं आणि एक्सेलनं ते ०८:०३ समजून घेतलं. ५.१० चं ५:०१. ८.२५ मात्र बरोबर ८:२५ राहिलं, कारण तिथे शेवटी शून्य नव्हतं. पूर्ण तास, जसं ८.००, ते तर टिंबच नसलेलं नुसतं ८ होतं, रिप्लेसला काही सापडलंच नाही, तिथे आठ दिवसांची वेळ उभी राहिली आणि हॅशची रांग लागली. ती रांग आम्ही हातानं दुरुस्त केली आणि सगळं नीट झालं असं समजून पगार दिला. दहाच्या पटीतल्या मिनिटांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी एक वेल्डर खिडकीशी आला, स्वतःच्या छोट्या डायरीत रोजच्या वेळा लिहिलेल्या. साडेपाचला बाहेर पडलेल्या प्रत्येक दिवसाची २७ मिनिटं त्याच्या ओटीतून गेली होती. डायरी त्याच्याकडे होती म्हणून कळलं. बाकीच्यांकडे डायऱ्या नव्हत्या, त्यांचं आम्हाला परत रजिस्टर काढून करावं लागलं, दोन रात्री.

टिंबाचीच सवय हाताला लागली असेल आणि सोडवत नसेल, तर फाइंड-रिप्लेस न करता सूत्र वापरा. एक्सेलमध्ये डॉलरडीई नावाचं एक अवलिया फंक्शन आहे. शेअरबाजारात भाव अपूर्णांकात सांगायचे त्या जमान्यासाठी केलेलं. =डॉलरडीई(बी२,६०) असं लिहिलं की टिंबापुढचे दोन आकडे साठाचे भाग समजून ते ८.३० चे ८.५ तास करून देतं. ६० नं गुणा, राउंड करा, मिनिटं मिळाली. ८.३ असो की ८.३०, त्याला फरक पडत नाही. फक्त कुणी ८ वाजून ३ मिनिटांसाठी ८.३ लिहिलं तर तेही साडेआठच होणार, ते ८.०३ असंच लिहायला हवं.

चुकीची नोंद आत येऊच नये म्हणून डेटा व्हॅलिडेशन लावा. बी आणि सी रकाने निवडून डेटा, डेटा व्हॅलिडेशन, कस्टम, आणि तिथे:

=अँड(इंट(बी२)=बी२,मॉड(बी२,१००)<६०,बी२<२४००)

पहिली अट टिंब आणि कोलन दोन्ही अडवते, दोन्हींनी अपूर्णांक येतो म्हणून. दुसरी ८७५ सारखी घसरलेली बोटं अडवते. ही अट नसेल तर टाइमचं सूत्र ८ तास ७५ मिनिटांचे गुपचूप ९:१५ करतं, आणि माझं मिनिटांचं सूत्रही तेच करतं, तेव्हा मी काही वेगळा शहाणा नाही. तिसरी अट २५३० अडवते. इतकं करूनही एक वाट उरते: ८.०० टाइप केलं की ते ८ होतं, पूर्णांक आहे, साठाच्या आत आहे, पास. म्हणजे रात्री बारा वाजून आठ मिनिटं. मी शंभरच्या खालच्या प्रत्येक नोंदीला पिवळा रंग देतो. रात्री बारा ते एकच्या मधे गेटवर कोण येतं-जातं ते तुम्हाला पाठ असेलच. आणि व्हॅलिडेशन फक्त टाइप केलेलं तपासतं. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेलं ते बघतही नाही.

महिन्याची बेरीज. मिनिटांची सरळ बेरीज होते, त्यात काही नाही. ५२५ मिनिटं, २६ दिवस, १३,६५०. हेड ऑफिसला तास दाखवायचे तर त्याला १४४० नं भागा आणि सेलला [एच]:एमएम हा फॉरमॅट द्या. तो चौकोनी कंस खाऊ नका. कंसासकट २२७:३० दिसेल. कंस नसला तर एक्सेल पूर्ण दिवस पोटात ठेवून उरलेले ११:३० दाखवतो, आणि महिनाभर राबलेल्या माणसाच्या नावापुढे साडेअकरा तास छापलेला कागद वर जातो.

आता वेग. कोलन गेला तरी निम्माच प्रश्न सुटतो, उरलेला निम्मा कर्सर हलवण्यात असतो. रजिस्टरमध्ये आत आणि बाहेर शेजारी-शेजारी लिहिलेलं असेल तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड मधलं अगदी पहिलं सेटिंग बघा: एंटर दाबल्यावर कुठे जायचं. तिथे डाउनच्या जागी राइट करा. मग बी२ पासून सी६५ पर्यंतचा सगळा पट्टा आधी निवडून घ्या आणि भरायला सुरुवात करा. ८३० एंटर, १७१५ एंटर, कर्सर आपोआप खालच्या माणसावर. गैरहजर असेल तर दोनदा नुसतं एंटर. चुकलं तर शिफ्ट-एंटर, एक घर मागे. बाणांच्या कळांना आणि माउसला हात लावायचा नाही, लावला की निवड सुटते. या पद्धतीत उजवा हात नमपॅड सोडत नाही आणि डावा हात रजिस्टरवर ओळ धरून राहतो. आत्ता तुमच्याकडे आतच्या वेळांचं पान वेगळं आणि बाहेरच्या वेळांचं वेगळं असेल तर सेटिंग डाउनच राहू द्या, पट्टा तोच निवडा. बी संपला की तो स्वतः सी च्या वर जाईल.

शीटमधला नावांचा क्रम रजिस्टरच्या क्रमासारखाच ठेवा, हे सांगायला नको, पण सांगतो. टोकन नंबरप्रमाणे शीट आणि सह्या येतील तशा रजिस्टरमध्ये, असं असेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे. वॉचमनला छापील नावांचा कागद द्या. तेवढ्यानं तुमचा जितका वेळ वाचेल तितका कुठल्याही सूत्रानं वाचणार नाही.

लॅपटॉपला नमपॅड नसेल तर यूएसबीवर लागणारा सुटा पॅड काही शे रुपयांत मिळतो. कंपनीनं नाही दिला तर स्वतः घ्या, मनगट तुमचं आहे.

समजा शीट हेड ऑफिसनं पाठवलेली आहे, एकही रकाना वाढवायला परवानगी नाही, आणि त्यात खरी वेळच हवी. तेव्हा ऑटोकरेक्टची चलाखी करा. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. रिप्लेसमध्ये दोन टिंबं, विथमध्ये कोलन. मग नमपॅडवर ८..३० मारून एंटर केलं की ८:३० होतं, खरी वेळ, सूत्र नको, काही नको. यादी फक्त एक्सेलची नसते, वर्डमध्येही तीच लागू होते. पत्र लिहिताना वाक्याच्या शेवटी टिंबं टिंबं टाकायची सवय असेल तर तिथे कोलन उगवतील. दोन टिंबांऐवजी दोन अधिक चिन्हं ठेवलीत तरी चालतं, नमपॅडवरची ती कळ मोठी असते. आणि ही सोय त्या एका कॉम्प्युटरपुरती. सुट्टीवर गेलात आणि दुसऱ्या टेबलावर कुणी भरायला बसलं तर त्याला काहीच कळणार नाही.

पूर्ण तासांना आणखी एक सूट आहे: एक्सेलमध्ये ८: एवढंच लिहून एंटर केलं तरी ८:०० होतं, आणि ८ नंतर जागा सोडून पी लिहिलं तर रात्रीचे आठ.

मॅक्रोबद्दल विचारलंत. होतो. वर्कशीटच्या चेंज इव्हेंटवर, म्हणजे सेलमध्ये काही बदललं की आपोआप चालतील अशा, दहा-बारा ओळी लिहिल्या की ८३० टाइप केल्याबरोबर त्याच सेलमध्ये ८:३० होतं, शेजारी रकाना लागत नाही. दिसायला हाच सगळ्यात देखणा उपाय. मी स्वतः दोन वर्षं वापरला आणि काढून टाकला. मॅक्रो चालला की अनडू जातो, म्हणजे चुकीच्या ओळीत वीस नोंदी भरल्या तर कंट्रोल-झेड काही करत नाही. फाइल वेगळ्या प्रकारची होते. २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलीतले मॅक्रो आपणहून अडवतं, त्यामुळे हेड ऑफिसला पाठवलेली फाइल तिथे उघडते पण मॅक्रो मुका. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये तर तो चालतच नाही. आणि मला सगळ्यात खुपलेली गोष्ट म्हणजे मॅक्रोनं मूळ ८३० पुसून टाकलेलं असतं. वाद झाला की तुम्ही काय टाइप केलं होतं ते दाखवायला काही उरत नाही. माझ्या पद्धतीत बी आणि सी रकान्यात रजिस्टरमध्ये होतं तसंच्या तसं राहतं. लेबर इन्स्पेक्टर आला तर रजिस्टर आणि शीट शेजारी ठेवून बोट फिरवता येतं.

गेटवरच कॉम्प्युटर असेल आणि माणूस किंवा ट्रक आला त्या क्षणी नोंद होत असेल, तर टाइपही करू नका. कंट्रोल-शिफ्ट-अर्धविराम, चालू वेळ उमटते. नुसतं कंट्रोल-अर्धविराम म्हणजे आजची तारीख. तिथे =नाउ() मात्र कधीही वापरू नका. तो दर हिशेबाला नव्यानं घड्याळ बघतो. तुर्भ्याच्या एका गोदामात पहाटेपासून आलेल्या सगळ्या ट्रकांची आवक सकाळी साडेअकराची दिसत होती, एकजात. सुपरवायझर वॉचमनवर डाफरत होता, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

गूगल शीट्समध्ये वरची सगळी सूत्रं तशीच चालतात. फॉरमॅटसाठी ००":"०० असं अवतरणात लिहा, बेरजेसाठी फॉरमॅट, नंबरमध्ये ड्युरेशन निवडा. उणे वेळ तिथे हॅश न होता नीट उणे दिसते, हे त्याचं चांगलं. एंटरची दिशा बदलायची सोय मात्र एक्सेलसारखी नाही, तिथे टॅबनं उजवीकडे जा आणि ओळ संपली की एंटर मारा, तो परत पहिल्या रकान्याखाली येतो. एक्सेलमध्येही टॅब-एंटर असंच चालतं.

आता शेवटचं काम राहिलं. बी आणि सी रकाने निवडून फॉरमॅट सेल्स, प्रोटेक्शनमध्ये लॉक्डची खूण काढा, मग रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट करा. सूत्रांना कुणाचा धक्का लागणार नाही. त्याचा एक न मागता मिळालेला फायदा असा की प्रोटेक्ट केलेल्या शीटमध्ये टॅब फक्त उघड्या सेलांवरच उड्या मारतो: बी२, सी२, बी३, सी३. पट्टा निवडायचं विसरलात तरी चालतं. नवा महिना लागला की शीटची कॉपी करा, बी-सी निवडून डिलीट मारा. कॉपीत प्रोटेक्शन तसंच उतरतं, पासवर्ड ठेवला असेल तर तोही. तो लिहून ठेवा.